सोडलेल्या श्वासाचा हिशेब

श्वसनाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं निम्मं काम आधी शिकलेलं पुसण्यात जातं. ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की समोरचा माणूस ठरल्यासारखं एकच करतो. खांदे कानांकडे चढतात, पोट आत ओढलं जातं, मानेच्या शिरा ताठतात, नाकातून हवा ओढल्याचा आवाज होतो, आणि क्षणभर थांबून ती सगळी हवा ‘हुश्श’ करून एकदम टाकून दिली जाते. शाळेत पीटीच्या तासाला ‘छाती पुढे, पोट आत’ ऐकत वाढलेल्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? दीर्घ श्वास म्हणजे भरपूर हवा, भरपूर हवा म्हणजे भरपूर ऑक्सिजन आणि भरपूर ऑक्सिजन म्हणजे आरोग्य, ही साखळी त्याच्या मनात इतकी पक्की असते की सोडलेल्या श्वासाकडे लक्ष द्यावं असं त्याला वाटतच नाही. माझ्या कामाने मला जे पटलं आहे ते या साखळीच्या उलट आहे. या व्यायामाचा गुण जास्त हवा घेण्यात नाही. तो वेग कमी करण्यात, पोटाला हलू देण्यात आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देण्यात आहे. आणि ज्या पट्ट्यात आपण राहतो तिथल्या हवेचा विचार केला, तर हा फरक नुसता तपशिलाचा राहत नाही.

थोडं गणित मांडू, कारण ते सोपं आहे आणि पुढच्या निम्म्या शंका त्यातच मिटतात. निरोगी प्रौढ माणूस बसल्या जागी एका श्वासात ढोबळमानाने ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते; जिथे रक्ताशी देवाणघेवाण होते त्या वायुकोशांपर्यंत ती पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर आत जाते ६ लिटर आणि कामी येते ४ लिटर २०० मिलिलिटर. आता घाबरलेला, घाईतला किंवा दुखण्याने अवघडलेला माणूस घ्या. तो मिनिटाला २४ उथळ श्वास घेतो, प्रत्येकी २५० मिलिलिटरचे. आत जाणारी हवा तेवढीच, ६ लिटर. पण कामी येणारी २ लिटर ४००. छातीचे स्नायू दुप्पट राबले आणि पदरात जवळजवळ निम्मंच पडलं. याच्या दुसऱ्या टोकाला मिनिटाला ६ सावकाश श्वास, प्रत्येकी ८५० मिलिलिटरचे. आत जाते ५ लिटर १००, आणि कामी येते पुन्हा तीच ४ लिटर २००. म्हणजे संथ श्वसनात शरीराची गरज तेवढीच भागते आणि एकूण हवा मात्र कमी लागते. खऱ्या फुप्फुसात हे आकडे माणसागणिक हलतात, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

‘मग ऑक्सिजन वाढत नाही का?’ हा प्रश्न लगेच येतो, आणि २०२० नंतर तो बोटाला ऑक्सिमीटर लावून विचारला जातो. करोनाच्या दिवसांत ते चिमट्यासारखं यंत्र घरोघरी आलं आणि आता कपाटात थर्मामीटरच्या शेजारी पडून असतं. ते लावून पाच मिनिटं श्वसन केलं तरी ९७ चे ९८ होतात, फार तर ९९. निराश झालेला चेहरा विचारतो, ‘एवढंच?’ पण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन मुळात ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच असतं; भरल्या हंड्यात आणखी ओतून काय होणार? गंमत म्हणजे हे सांगायला परदेशातला कोणी लागला नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. आसनं-प्राणायाम करणाऱ्यांचे एक्स-रे काढणं, शरीराच्या आतले दाब मोजणं, आत घेतलेल्या आणि सोडलेल्या वायूंचं पृथक्करण करणं असे प्रयोग त्यांनी तेव्हा केले. प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो हा समज त्यांच्या मोजणीत टिकला नाही, आणि प्राणायामाचं मोल इतरत्र शोधायला हवं हे त्यांनी मोकळेपणाने मांडलं. योगाभिमानी माणसाने स्वतःच्याच बाजूचा लाडका समज प्रयोगाने खोडावा, ही गोष्ट आज व्यासपीठावरून ‘पेशीपेशीत ऑक्सिजन’ पोचवणाऱ्यांनी जरूर आठवावी.

मोल आहे कुठे, याचं सगळ्यात रोकडं उत्तर शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात मिळतं. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस टाक्यांच्या भीतीने पोट हलू देत नाही. श्वास वरच्या वर चालतो, फुप्फुसाचा तळ उघडत नाही, तिथले वायुकोश मिटतात, कफ साठतो आणि जंतूंना आयतं घर मिळतं. अशा वेळी हातात तीन रंगीत गोळ्यांचं स्पायरोमीटर दिलं जातं. त्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. नातेवाईक त्याला परीक्षेचे गुण समजतात आणि ‘तिसरा उचल, तिसरा उचल’ म्हणून पेशंटच्या मागे लागतात. पेशंटही एक हिसका देऊन तिन्ही गोळ्या टणकन वर नेतो आणि दमून आडवा होतो. काहीजण तर नळीत फुंकतच असतात. मुळात ते आकडे हवा किती घेतली याचे नसून दर सेकंदाला किती वेगाने ओढली याचे आहेत. तिसरी गोळी क्षणभर उडवण्यापेक्षा पहिली किंवा दुसरी दोन-तीन सेकंद वर तरंगत ठेवणं जास्त उपयोगाचं, कारण मिटलेले वायुकोश उघडायला वेळ लागतो, झटका नव्हे. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरली की टाक्यांची भीती जाते आणि कफ सुटतो. आणि हेही सांगायला हवं की हे यंत्र नीट शिकवलेल्या साध्या श्वसनापेक्षा सरस आहे असं संशोधनाने दाखवलेलं नाही. ते आठवण करून देतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

धूम्रपानाने, किंवा मुरबाड-शहापूरकडच्या बायांच्या बाबतीत आयुष्यभराच्या चुलीच्या धुराने, ज्यांची फुप्फुसं सैल झाली आहेत त्यांच्या बाबतीत तर सगळा खेळ श्वास सोडण्याचाच असतो. त्यांच्या छातीत हवा आत जाते, पण बाहेर पडताना बारीक श्वासनलिका मिटतात आणि जुनी हवा अडकून बसते. अशा माणसाला ‘मोठा श्वास घ्या’ सांगणं म्हणजे भरलेल्या छातीत आणखी कोंबणं. त्याला शिकवायची ती फुंकर: नाकाने श्वास घ्यायचा आणि बशीतला चहा गार करतो तशी ओठांचा चंबू करून सावकाश सोडायची, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. ओठांशी अडलेल्या हवेचा हलका दाब आतपर्यंत पोचतो आणि नलिका उघड्या राहतात. जिना चढताना ही फुंकर साधली की एका मजल्यावर दोनदा थांबणारा माणूस एकदा थांबतो. रोग तिथेच असतो, धाप मात्र हाताळता येते, आणि धापेची भीती कमी झाली की माणूस घराबाहेर पडायला लागतो. श्वसनाच्या व्यायामाकडून याहून मोठी अपेक्षा ठेवू नये आणि हे लहानही समजू नये.

या पट्ट्यातल्या निरोगी म्हणवणाऱ्या माणसाचा श्वास कुठे बिघडतो, याचं एक उत्तर रुळांवर आहे. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात उभ्या जागेच्या एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं असतात, असं रेल्वेच्या नियोजनाची कागदपत्रंच सांगतात. डोंबिवलीहून फास्ट पकडलेला माणूस बॅग पुढे छातीवर घेतो, कारण मागे ठेवली तर ती आणि तो वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरतील. एक हात वर कडीला. बॅगेने पोट दाबलेलं, पाठीला दुसऱ्याचं कोपर, वर गेलेल्या हाताने बरगड्या उचललेल्या. श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. त्याने खाली सरकायचं तर पोटाने पुढे यायला हवं, आणि पुढे तर बॅग. मग काम मानेचे आणि खांद्यांचे स्नायू करतात, जे मुळात धावताना मदतीला येण्यासाठी आहेत. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, वर्षानुवर्षं. दिवसभर एसीत खुर्चीवर बसूनही श्वास तिथेच वर अडकलेला राहतो आणि माणूस मानदुखीची तक्रार घेऊन येतो. तिथे दीर्घ श्वसनाचा व्यायाम म्हणजे स्नायूंना त्यांची मूळ वाटणी परत करणं. बायकांना आणखी एक अडचण: घट्ट नाडी, आणि ‘पोट आत’ ठेवण्याची लहानपणापासूनची शिस्त. झोपून गुडघे वाकवून पोटावर हात ठेवला आणि नाडी सैल केली, की हात वर-खाली व्हायला लागतो. कित्येकींना ते आधी अश्लाघ्यच वाटतं. हा सराव गाडीत करावा असं मी कोणालाही सांगत नाही. तो घरी, पाच-दहा मिनिटं, रोज. गाडीत जमलंच तर फक्त श्वास सोडताना घाई न करणं, एवढंच.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. डोंबिवलीकर हसून विचारतो, ‘इथे दीर्घ श्वास? कशाला, केमिकल खोलवर जावं म्हणून?’ या विनोदामागे इतिहास आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा डोंबिवलीला ७८.४१ मिळाले, ७० च्या वर म्हणजे ‘अतिप्रदूषित’. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, आणि मे २०१६ व मे २०२४ मधल्या कारखान्यांच्या स्फोटांनी माणसं मारली, काचा फोडल्या. कल्याणकरांनी आधारवाडीच्या डम्पिंगला लागलेल्या आगींचा धूर कितीतरी उन्हाळे गिळला. घोडबंदर रोडच्या डिझेल धुराबद्दल ठाणेकराला वेगळं सांगायला नको. अतिसूक्ष्म कणांसाठी आपलं राष्ट्रीय मानक वर्षाला सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून स्वतःची शिफारस केलेली मर्यादा ५ वर आणली आहे. म्हणजे आपण कागदावर पास झालो तरी छातीच्या दृष्टीने नापासच असू शकतो.

तरीही आक्षेप पूर्ण लागू पडत नाही. मघाचं गणित आठवा: संथ श्वसनात मिनिटाला पाच-सहा लिटर हवा जाते, आणि तोच माणूस घोडबंदर रोडच्या कडेने झपाझप चालायला गेला तर वीस-पंचवीस लिटर. प्रदूषणाची भीती खरी असेल तर ती रस्त्यावरच्या मॉर्निंग वॉकला आधी लागली पाहिजे. पण आक्षेपातला खरा भागही मान्य करायला हवा. हवा फुप्फुसात जितका वेळ जास्त रेंगाळते तितका बारीक कणांना खाली बसायलाही वेळ मिळतो. खोल, संथ श्वास आणि विशेषतः रोखून धरलेला श्वास यात हा तोटा आहे. म्हणून धुराच्या दिवशी, गॅसचा वास येत असताना, रस्त्याकडेच्या बाकावर कुंभक करत बसू नये, हे साधं शहाणपण. आणि पहाटेच्या ‘शुद्ध हवे’बद्दलही जरा बोलावं लागेल. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार असते. त्या झाकणाखाली रात्रभरचा धूर अडकतो आणि पहाटे तो सगळ्यात दाट असतो. ऊन चढून वारं सुटलं की तो पांगतो. तलावपाळीवर किंवा उपवनला धुक्यात बसून प्राणायाम करणाऱ्यांना जे धुकं वाटतं त्यात नुसतं पाणी नसतं. पावसाळ्यात पहाट खुशाल निवडावी. हिवाळ्यात मात्र उशिरा, किंवा घरातच. येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्यांचा हेवा करावा, पण त्यांच्याकडे बघून स्वतःची वेळ ठरवू नये.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो: हे सगळं मनाचं समाधान आहे, पुरावा कुठे? पुरावा आहे, पण त्याला त्याच्या मापानेच मोजावं. रक्तदाब क्षणाक्षणाला सांभाळणारी एक यंत्रणा शरीरात आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधले संवेदक दाब वाढला की हृदयाला आवर घालतात. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की या यंत्रणेची स्वतःची लय आणि श्वासाची लय जुळते आणि ती जास्त तत्पर होते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की लॅटिनमधली रोझरी म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ जपताना, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात येतो. वसईच्या घरातली रोझरी आणि डोंबिवलीच्या घरातला जप यांत शरीराला फरक कळत नाही, हे वाचून मला तरी बरं वाटलं. पण याच्या पुढे उडी मारू नये. संथ श्वासाला ताल देणारं एक यंत्र अमेरिकेत रक्तदाबासाठी विकलं जातं. त्यावरच्या चाचण्या २०१२ मध्ये एकत्र पाहिल्या गेल्या तेव्हा वरचं बीपी सरासरी ३ ते ४ अंकांनी उतरलेलं दिसलं. यंत्र बनवणाऱ्यांशी संबंध असलेल्या चाचण्या वगळल्यावर मात्र तो फरक उरला नाही. म्हणून बीपीची गोळी श्वसनावर विसंबून बंद करणाऱ्याला मी स्पष्ट विरोध करते. त्याच वेळी झोप लागणं, धडधड कमी होणं, चिडचिड ओसरणं हे ज्यांना मिळतं त्यांना ‘ते फक्त मनाचं आहे’ असं सांगणंही मला पटत नाही. मन काय दुसऱ्याच्या शरीरात राहतं?

तिसरा वाद घरातूनच, म्हणजे योगाच्या गोटातून येतो. ठाण्यात योग शिकवण्याची परंपरा जुनी आहे. निकम गुरुजींची श्री अंबिका योग कुटीर इथली, नौपाड्यातलं घंटाळी मित्र मंडळ इथलं. या संस्थांनी पिढ्यानपिढ्या माणसांना शिस्तीने, गाजावाजा न करता बसायला आणि श्वास घ्यायला शिकवलं. पण टीव्ही बघून शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना भाता चालवल्यासारखी कपालभाती हवी असते, कारण तिने ‘काहीतरी होतंय’ असं वाटतं. जे होतं ते बऱ्याचदा असं: जोरजोराने श्वास फेकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. त्यालाच शक्ती जागृत झाल्याचं नाव दिलं जातं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामांत मोजलेलीच नाही. ती धौती, नेती, नौली यांच्याबरोबर शुद्धिक्रियांत, षट्कर्मांत आहे. ज्याच्या शरीरात कफ जास्त, त्याची ती पायरी. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, गर्भारपण असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी परंपरेची वर्गवारी तरी पाळावी.

दम्याच्या बाबतीत तर मला गप्प राहवत नाही. ‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने घरोघरी पंप ड्रॉवरमध्ये आणि श्वसन मात्र निष्ठेने चालू, असं चित्र असतं. श्वसनाच्या व्यायामाने दमेकऱ्याचं रोजचं जगणं सुधारतं, धसका कमी होतो, याला आधार आहे. पण श्वासनलिकेतली सूज त्याने उतरत नाही. ती पंपातल्या औषधाने उतरते. बोलताना वाक्य तुटतं, ओठ निळसर दिसतात, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, तेव्हा फुंकर घालत बसायचं नाही, रिक्षा बोलवायची. 

आणि एक आक्षेप असा आहे ज्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. माणसांना श्वास कसा घ्यायचा हे शिकवत राहिलं की हवा कशी असावी हा प्रश्न बाजूला पडतो. चिमणीचं काम छातीवर ढकललं जातं. हे होऊ नये म्हणून या व्यायामाला त्याच्या जागी ठेवायला हवं. एमआयडीसीतून रात्री सुटणाऱ्या वासाची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख-वेळ घालून करणं हे वेगळं काम आहे, आणि ते सोसायट्यांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी करायचं आहे. तिथे बागेतल्या प्राणायाम वर्गांचे लोक सगळ्यात उपयोगी पडू शकतात: ते रोज ठरल्या वेळी एका जागी असतात, आणि हवेत आज काय वेगळं आहे हे त्यांच्या नाकाला इतरांच्या आधी कळतं. वहीत ती नोंद करायला व्यायाम संपल्यावर एक मिनिट लागतं.